बंदुकीच्या पितळेची अंगठी

लातूर जिल्हा वेगळा झाला आणि त्याच्या पुढच्याच उन्हाळ्यात जळकोटकडचा तो गावतलाव तळापर्यंत आटला. गाळ काढायचं काम निघालं. एका दुपारी देविदास मुकादम पोत्यात काहीतरी गुंडाळून पार्वतम्माच्या ओसरीवर आला.

"काकू, हे बघा बरं. तुमच्या घरचं हाय म्हणून लोक म्हणून राहिले."

पोत्यात ठासणीच्या बंदुकीची गंजून गेलेली नळी होती. लाकडी दस्ता कधीच कुजला होता. दस्त्याच्या बुडाची पितळी पट्टी तेवढी शाबूत होती. पार्वतम्मानं पदरानं चिखल पुसला. बसलेला नंदी दिसला, एक शिंग अर्धवट. ते शिंग कोरताना तिच्या नवऱ्याची, ईश्वरप्पांची छिन्नी सटकली होती आणि शेजारी बसलेली ती, नवी नवरी, फिदीफिदी हसली होती.

रझाकारांच्या धामधुमीत ईश्वरप्पा हीच बंदूक घेऊन वेशीवर पहाऱ्याला गेले, ते परत आले नाहीत. गोळीबार झाला, कडब्याच्या गंजी पेटल्या, प्रेतं सापडली. त्यांचं सापडलं नाही. पार्वतम्मा तेव्हा पोटुशी होती. तिनं कुंकू पुसलं नाही. पोटातली ती लेक, उमादेवी, आता स्वतः लेकुरवाळी होती. तिचा नवरा नव्या जिल्ह्याच्या कचेरीत कारकून, आणि ती उन्हाळ्यापुरती माहेरी आलेली.

धाकटा दीर बसलिंगप्पा आला. त्यानं पट्टी हातात फिरवली आणि बोलू नये ते बोलून गेला.

"वहिनी, मागनं पोलीस ॲक्शन झाल्यावर, निजाम पडल्यावर, हत्यारं जमा करा म्हणून दवंडी पिटली व्हती. तवा लई जणांनी भ्याऊन तलावात टाकली. दादानंबी टाकली असंल अन् गेला असंल कुठं…" पुढचं त्यानं गिळलं.

उमादेवी ताडकन उठली. "म्हंजे अप्पा पहाऱ्यावर मेलेच न्हाईत! अव्वा, ते जिते व्हते! हैदराबादकडं गेले असतील. आजूनबी असतील."

गेली पस्तीस वर्षं पार्वतम्मानं दाराची कडी वाजली की कान टवकारले होते. रझाकारांच्या हाती सापडले असतील, कोंडले असतील, वाट चुकले असतील, सगळं मनात आणलं होतं. धडधाकट असून आले नसतील, हे मात्र तिनं कधी मनाला शिवू दिलं नव्हतं.

"जिते असते तर आले असते," ती म्हणाली. "पहाऱ्यावर गेले ते. बंदुकीसकट पाण्यात पडले."

"कशावरून?"

"मी नांदले त्यांच्यासंगं. तू न्हाई."

उमादेवीचा चेहरा पडला. ती उठून आत गेली. आपण लेकीच्या हातून बाप हिसकावून घेतला, हे पार्वतम्माला कळलं. पण शब्द माघारी घेववेना.

तिनं क्रियाकर्मासाठी जंगमाला बोलावलं. घराण्यातली माणसं पुरायच्या जागेत खड्डा खणून, भस्म लावून, बेलपत्र वाहून देहाच्या ठिकाणी बंदुकीची नळी पुरली. हळदीकुंकवाला हिला बोलवावं की नाही म्हणून जन्मभर कुजबुजलेल्या बायकांनीच तिच्या बांगड्या फोडल्या, कुंकू पुसलं. ती रडली नाही. उमादेवी तिकडे फिरकलीही नाही.

पट्टी घेऊन ती उदगीरला सिद्धेश्वर सोनाराकडे गेली.

"काय घडवू, काकू?"

"अंगठी. लेकीच्या मापाची. बापाच्या हातचं तिच्यापाशी काहीच न्हाई. नंदी तेवढा राहू दे."

"शिंग मोडकं हाय. कोरून नीट करू का?"

"नको रे बाबा," ती म्हणाली आणि तिथंच, गिऱ्हाइकांच्या देखत, तिला हुंदका फुटला. सिद्धेश्वरानं कानस खाली ठेवली.

उमादेवीनं अंगठी घेतली, बोटात घातली. दुसऱ्या दिवशी लातूरला निघून गेली.

त्या वर्षीही पाऊस पडला नाही. दिवाळीनंतर जावयानं बोलावलं म्हणून पार्वतम्मा लातूरला गेली. स्टँडवर उमादेवी घ्यायला आली होती. तिच्या बोटातल्या अंगठीचं पितळ रोज घासल्यासारखं लखलखत होतं. दोघी निघणार तेवढ्यात हैदराबादची गाडी लागली आणि उमादेवी जागच्या जागी थबकली. उतरणाऱ्या एकेका म्हाताऱ्याचं तोंड ती न्याहाळू लागली. शेंगा विकणाऱ्या बाईनं तिला ओळखीचं हसून जागा करून दिली. म्हणजे हे रोजचंच होतं.

"चल उमे, ऊन लागून राहिलं."

"थांब गं अव्वा. एवढे उतरू दे."

पार्वतम्मा गाठोडं धरून थांबली. आले नाहीत, येणार नाहीत, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी एक पांढऱ्या फेट्याचा, उंच म्हातारा पायरीवरून वाकून उतरू लागला, तेव्हा तिनं घाईघाईनं पदर मोकळ्या कपाळावरून खाली ओढला आणि तोंड फिरवून उभी राहिली.