भिंतीपलीकडची बाई

"सर, तुमच्या पिच्चरमधी आमच्यावानी बोलनारं मानूस चहाच काऊन आनते?"

प्रश्न मधल्या सुट्टीत नळाजवळ ठरला होता. कौसरने तो रचला, अर्पिताने त्यातलं 'साहेब' काढून 'सर' घातलं आणि दोघींनी मिळून तो अपेक्षाच्या गळ्यात बांधला. हाच प्रश्न, याच शब्दांत, भर सभेत माइकवर विचारला तर दोन कचोऱ्या. विचारला नाही तर तिने दोघींना चारायच्या.

आता अपेक्षा उभी होती. हात वर करून ती कधी उठली आणि माइक तिच्या हातात कुणी दिला, हे तिचं तिलाही कळलं नव्हतं. मागून कौसरने तिच्या ओढणीचं टोक धरून ठेवलं होतं, जणू ती पळूनच जाणार होती. पण अपेक्षा पळणाऱ्यांतली नव्हती. निदान दहावीत आल्यापासून तरी नाही. रोज सकाळी परिपाठात बातम्या वाचायची ती. तिचा 'ण' ऐकून गणिताचे सर मान डोलवायचे. वक्तृत्वाच्या दोन ढाली तिच्या नावावर मुख्याध्यापकांच्या कपाटात उभ्या होत्या. तिने माइकवर दोन बोटं वाजवली, श्वास घेतला.

"सर, आपल्या चित्रपटांमध्ये वऱ्हाडी बोलणारी पात्रं केवळ चहा आणण्यापुरतीच का असतात?"

मागे कौसरने कपाळावर हात मारून घेतला. आधी हशा झाला, मग टाळ्या.

पाहुणे हसले नाहीत. देवस्थळी त्यांचं नाव, पुण्याचे, सिनेमे लिहायचे आणि करायचे. नव्या सिनेमासाठी गावं बघत बघत वरवट बकालला आले, तेव्हा मुख्याध्यापकांनी त्यांना अलगद शाळेत आणून बसवलं होतं.

"खरं आहे," ते म्हणाले. "तीन सिनेमे केले, तिन्हींत तसंच आहे. पण मला सांग, हे तू कोणत्या भाषेत विचारलंस?"

आता मात्र हशा छतापर्यंत गेला.

"घरी विचारलं असतंस, तसं विचार बरं."

अपेक्षाने तोंड उघडलं. नळाजवळ ते शब्द कसे ओळीने उभे होते, आणि आता माइकपुढे एकही यायला तयार नव्हता.

"म्हणजे… तोच प्रश्न, सर," ती म्हणाली आणि खाली बसली. कान तापले होते.

कार्यक्रम संपल्यावर देवस्थळींनी तिला बोलावून घेतलं. ती रागे भरून घ्यायच्या तयारीने गेली, आणि परतली ती हातात एक कागद घेऊन, दोन-दोन पायऱ्या उड्या मारत.

"आवाज पाह्यजे त्यायले," तिने धापा टाकत सांगितलं. "नव्या पिच्चरमधी एक बाई हाय. दिसतच नाई. भिंतीपलीकडून बोलते फक्त. इकडं टीव्हीवर बातमी लागली का तिकडून हे बोलते. पुण्याच्या बायकायनं करून पाह्यलं म्हने, समद्या नकला केल्यासारख्या करतेत. म्हने तू प्रश्न विचारला तं तूच पाठव आवाज. रविवारपर्यंत, फोनवर."

"अन् हे काय?" अर्पिताने कागद ओढला. "हे तं कोरंच हाय."

तसा तो अगदी कोरा नव्हता. टीव्हीवरच्या तीन बातम्या छापलेल्या होत्या. सोन्याचा उच्चांक, दोन देशांची फिसकटलेली बोलणी आणि कुठेतरी झालेला भूकंप. प्रत्येक बातमीखाली 'बाई :' एवढंच लिहून पुढे मोकळी जागा सोडलेली. मी लिहिलं की ते पुण्याचं होतं, तू भर, असं देवस्थळी म्हणाले होते.

घरी जाताना बसस्टँड येईपर्यंत तिघींच्या बोलण्यात सिनेमा प्रदर्शित होऊनसुद्धा झाला. अर्पिताने अपेक्षाला पहिल्या दिवशी कोणता ड्रेस घालायचा ते ठरवलं, मग तिला आठवलं.

"पन तुले तं दाखवनारच नाईत."

"नाव दाखवतीन ना. शेवटी खालून वर जाते, तसं."

"तवा लोक उठून जातेत."

"तू बसजो."

"म्या बसीन," कौसर म्हणाली. "पन कचोऱ्या आधी. शब्द बदलले तूनं. माइक हाती आला का तू पुण्याची होते बे."

अपेक्षाने दोघींना कचोऱ्या चारल्या आणि स्वतःही खाल्ली. आजच्या दिवशी हरणंसुद्धा गोड लागत होतं.

घरात पाय टाकताच तिची बोली बदलली, रोज बदलायची तशी. सातवीत वक्तृत्वाची तयारी सुरू झाली तेव्हापासून हा नेम होता; घरीही शुद्ध बोललं की जिभेला वळण लागतं, असं शाळेतल्या बाईंनी सांगितलं होतं. तिच्या बापाला, इंद्रभानला, त्याचं भारी कौतुक. पोरगी बापाशी पुस्तकासारखं बोलते, हे तो बाजारात गवारीचे वाटे लावता लावता गिऱ्हाइकांनाही ऐकवायचा.

"बाबा, माझी सिनेमासाठी निवड होण्याची शक्यता आहे," तिने सांगितलं, आणि इंद्रभानने शक्यता बाजूला ठेवून अर्धी गल्ली गोळा केली. अंगणात चटई पडली. अपेक्षाने सगळं पहिल्यापासून सांगितलं. प्रश्न कसा विचारला, पाहुण्यांना कसं कबूल करावं लागलं, सगळं. फक्त खाली बसल्याचं तेवढं गाळलं. आई, सिंधू, दारात उभी राहून ऐकत होती. डोळे असे चमकत होते की आता काहीतरी बोलेल. मग ती आत गेली, चहाचा ट्रे घेऊन आली, सगळ्यांच्या हाती कप देऊन पुन्हा आत गेली. शेजारचे आजोबा म्हणाले, पोरगी बापावर गेली.

तो बुधवार होता. गुरुवारी आणि शुक्रवारी अपेक्षाने मोकळ्या जागा भरल्या, खोडल्या, पुन्हा भरल्या. सोन्याच्या बातमीखाली तिने लिहिलं, 'अबब, केवढं महाग झालं वं बाई, आता गरिबानं काय करावं?' दाराला कडी लावून ते सात वेळा रेकॉर्ड केलं. एकदा रडवेल्या आवाजात, एकदा हसत, एकदा नाकात.

"चांगलं हाय," इंद्रभान फोन कानाला लावून म्हणाला. त्याने पुन्हा ऐकलं. "लय स्पष्ट हाय."

स्पष्ट असून चालणार नव्हतं, हे तिला कळत होतं. कौसरने तर अर्ध्यातच फोन परत दिला.

"हे परिपाठ हाय. आता राष्ट्रगीत लागते का काय, असं वाटते."

"मग तू करून दाखव."

"मले काऊन? मले कोनं बोलावलं पिच्चरमधी?" कौसर म्हणाली. मग जरा मऊ झाली. "तू लिहून बोलू नको. नुसती बोल ना वं, आपल्यासंग बोलते तशी."

अपेक्षाने तेही करून पाहिलं. रेकॉर्डिंगचं लाल बटण पेटलं की ते तिला परिपाठाच्या माइकसारखंच दिसायचं, आणि जीभ आपोआप उंच टाचेवर उभी राहायची.

शनिवारी संध्याकाळी ती फोन घेऊन गच्चीवर गेली. एकच दिवस उरला होता. खाली मागच्या अंगणात सिंधू मेथी निवडत बसली होती. पलीकडे कौशल्याबाईंच्या घरात टीव्ही मोठ्याने लागला होता, आणि कंबरेएवढ्या भिंतीवरून दोघींचं चाललं होतं. अपेक्षा चिडली. एवढ्या आवाजात रेकॉर्डिंग कसं व्हायचं? ओरडायला म्हणून ती कठड्याशी आली.

"आयकलं का कौशल्याबाई," आई म्हणत होती, "ते दोन देशाचे लोक तीन दिवस बसले म्हने बोलाले. फोटू काढला, पानी पेले, अन् उठून गेले. आपल्या वावराच्या धुऱ्याच्या भांडनात निदान तलाठी तं येते मोजाले. यायच्या धुऱ्यावर कोन येईन?"

कौशल्याबाई हसू लागल्या.

"अन् ते सांगनारी पोरगी पाहा. भूकंप झाला तरी तेच हासू, कोनाचं लगन झालं तरी तेच हासू. तिच्या मायनं तिले कधी रडू देलं नसंन."

"सोनं वाढलं म्हनते सिंधू, अजून."

"वाढू दे ना. माह्या गळ्यातली पोथ हाय तेवढीच हाय. तिले कुठं मालूम पडलं, आपला भाव वाढला म्हून. माह्यासारखीच हाय बिचारी."

अपेक्षाचं तोंड उघडं राहिलं होतं. ओरडायचं होतं ते ती विसरली. मग हसू आलं, ते तिने ओढणीत दाबलं. हातातला कागद तिने वळवून पाहिला. सोनं, बोलणी, भूकंप. मोकळ्या जागा खाली भिंतीवर भरल्या जात होत्या, एकामागून एक, काहीही न खोडता. ती जिन्याने धावतच खाली आली.

शेवटच्या पायरीवर तिचा पाय वाजला आणि आईचा आवाज थांबला. वाक्य अर्धंच राहिलं. कौशल्याबाईंनी भिंतीवरचे हात काढले.

"आई, मी आले की तू गप्प का होतेस?"

"गप कुठं? झालं बोलून."

"अर्ध्यात थांबलीस तू. मी ऐकलं."

सिंधूने मेथीची जुडी सोडवली, पानं खुडू लागली.

"तूच तं सांगतलं होतं," ती म्हणाली. मिठाचा डबा कुठे ठेवलाय ते सांगावं, इतक्या साध्या आवाजात. "सातवीत होती तू. पालक सभा होती. म्या बाईले इचारलं, पोरीले गनित काऊन जड जाऊन राह्यलं. तूनं माहा पदर ओढला. म्हने, आई, तू नको बोलूस, सगळे हसतात. बरोबरच होतं तुहं. हासलेच होते. तवा म्या ठरोलं, पोरीपुढं अन् पोरीच्या लोकायपुढं आपन तोंड उघडाचं नाई. तुही भाषा बिघडाले नको." ती थोडी हसली. "तीन वर्स झाले. आता तं आदत पडली."

अपेक्षाला सभा आठवेना. पदर ओढल्याचंही आठवेना. आठवला तो बुधवारचा ट्रे. कप देऊन आत वळलेली पाठ, आणि त्या वेळी आपण चटईवर बसून, हात नाचवत, काय सांगत होतो ते.

ती आईसमोर बसली. मेथीची एक काडी उचलली आणि खुडू लागली. पानांबरोबर जाड देठही टोपलीत पडत होते. सिंधू ते देठ मुकाट्याने वेचून बाजूला काढत राहिली. भिंतीपलीकडे टीव्हीवरची मुलगी हसत हसत हवामान सांगत होती.

जेवायला बसल्यावर इंद्रभानने विषय काढला.

"झालं का रेकार्डिंग? उद्या शेवटचा दिवस हाय ना."

अपेक्षाने ताट थोडं पुढे सरकवलं. तोंडावर हसू येऊ पाहत होतं.

"बाबा, म्या माहा आवाज नाई पाठवनार."

इंद्रभानचा घास हातातच राहिला. सिंधूने तव्यावरची भाकर उलटली नाही. आवाज न पाठवण्याचं दोघांनाही जणू ऐकूच आलं नव्हतं. दोघं नुसते तिच्या तोंडाकडे पाहत होते.

"काऊन?" शेवटी इंद्रभानने विचारलं, अगदी हळू, घरात कुणी झोपलं असावं तसं.

"आईचा पाठवीन. उद्या सकाळी कौशल्याकाकू टीव्ही लावतीन, म्या भिंतीजवळ फोन धरीन, अन् आई बोलंन. तिले येते ते. मले नाई येत."

भाकर करपल्याचा वास येऊ लागला होता.

"येडी झाली का तू?" सिंधू म्हणाली. "माहा आवाज? पुण्याले? समदे हासतीन."

"हासू दे. आज म्या बी हासली, गच्चीवर, ओढनी तोंडात धरून. तुले नसंन पाठवाचा तं नको पाठवू, म्या तो कागद तसाच वापस करीन. पन उद्यापासून म्या घरात आली तरी तू बोलनं थांबवाचं नाई. तुहं ते अर्धं राह्यलं ना मघा, ते पुरं कर. मले आयकाचं हाय."