पोकळ पेटीचा झटका

मी एक जुनं शॉकचं यंत्र आहे. सिनेमातलं. मित्रांनो, माझ्या पोटात काहीच नाही. प्लायवूडची पेटी, राखाडी रंग, एक खटका. तो दाबला की लाल बल्ब पेटतात, बाकी सगळा ठणठणगोपाळ. सेटवरच्या सुताराने मला ठोकलं.

काम एकच. वेडीचं काम करणाऱ्या पोरीला खाटेला बांधायचं, खटका दाबायचा, तिने गुरासारखं ओरडायचं. खऱ्या इस्पितळात आधी भूल देऊन झोपवतात म्हणे. दिग्दर्शकाला ते ठाऊक होतं. तो म्हणाला, "झोपलेला माणूस बघायला तिकीट कोण काढेल?"

माझं फार कौतुक झालं. सुतार बायकोला हौसेने सिनेमाला घेऊन गेला. अंधारात तिने त्याचा हात घट्ट धरला. "माझं कधी असं करू नका हं." तो म्हणाला, "खुळी का तू! कधीच नाही करणार, शब्द देतो."

पुढे तीच आजारी पडली. बोलेना, खाईना, भिंतीकडे तोंड करून पडून राही. डॉक्टरांनी शॉक सांगितला. सुतार संमतीच्या कागदावर सही न करताच कामावर आला. मेहुणी त्याच्यामागे थेट माझ्या गोदामात.

"दाजी, सही करा. ताईच्या घशाखाली पाण्याचा घोट उतरत नाहीये."

"तुला काय जातंय बोलायला? पडद्यावर त्या पोरीचे हाल बघितलेस ना?"

"अहो, हा खोका तुम्हीच ठोकलाय! ती पोरगी नंतर चहा पीत खिदळत होती, हे घरी कोणी सांगितलं?"

"मीच सांगितलं." त्याने माझ्यावर हात ठेवला. "पण मी तुझ्या ताईला शब्द दिलाय."

"शब्द कवटाळून बसा मग. बाई चालली हातची."

त्याने सही केली नाही. बाई गेली.

बारावं-तेरावं उरकून तो कामावर आला. नव्या सिनेमाचा दिग्दर्शक म्हणाला, "मिस्त्री, बल्ब वाढवा. लोक टरकले पाहिजेत." पोटासाठी त्याने वाढवले. स्क्रू पिळताना त्याला दिसत नव्हतं, बोटाने चाचपत होता.

मित्रांनो, मला भिऊन लोक घरी मरतात, आणि मला पडद्यावर आणणारे बक्षिसं घेतात. त्यांना लाज नाही, निदान तुम्ही तरी शहाणे व्हा. घरातलं माणूस जेवायचं थांबलं, बोलायचं थांबलं, तर त्याला उचला आणि डॉक्टरकडे न्या. काय करणार, कसं करणार, ते डॉक्टरला तोंडावर विचारा. मला विचारू नका. मला फक्त पेटता येतं.