बंकटच्या हॉटेलातला पडदा

मी एक जुना पडदा आहे, मित्रांनो. नाटकाचा समजू नका. माझ्यापुढे बसून कुणी कधी टाळ्या वाजवल्या नाहीत. मी खाणाऱ्यांच्या तोंडापुढचा पडदा. उभा जन्म मी बीडच्या खानावळीत, चायखान्यात आणि हॉटेलात काढला. कोण काय खातं, किती खातं आणि खाऊन झाल्यावर मिशा पुसून कसं साळसूद तोंड करून बाहेर पडतं, हे माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नाही.

माझा जन्म साळ्याच्या मागावर झाला. जाडंभरडं सूत, पण वीण अशी घट्ट की पलीकडचा दिवाही दिसू नये. रंगाऱ्यानं मला लाल रंगात बुडवलं आणि वर काळी वेलबुट्टी छापली. तेव्हा आमच्या मुलखावर निजामाचं राज्य होतं. कचेरीचा कारभार उर्दूत चाले. पेशी, म्हणजे कोर्टाची तारीख असली की गावोगावची माणसं बीडला येत. आली की त्यांना भूक लागे. पण परक्याच्या हातचं, चारचौघांत बसून खायचं म्हणजे जातीत नाव जायचं. म्हणून मी हवा असे.

पहिल्यांदा मी जानकीबाईंच्या खानावळीत लागलो. कचेरीतले कारकून तिथं जेवत, आणि आपल्या पानावर कुणाची नजर पडू नये म्हणून मला आड बांधत. जानकीबाई मला बिंदुसरा नदीवर नेऊन स्वतः धूत. त्या थकल्यावर मी जुन्या बाजारातून वेशीजवळच्या चाँदभाईच्या चायखान्यात आलो. टांग्याची वाट बघणाऱ्या बुरख्यातल्या बायका माझ्यामागे बसून बशीतला चहा फुंकून पीत. "पडदा असावा तर असा," चाँदभाई म्हणायचे, आणि मी फुगून जायचो.

शेवटी कचेरीसमोरच्या बंकटनं मला घेतलं. बंकट मनानं चांगला, पण आळशी. गिऱ्हाईकं मला भज्यांचे हात पुसत आणि तो बघून हसे. मला कुणी धुतलं नाही. माझ्या कड्या एकेक करून तुटल्या, तरी बंकट "उद्या शिवतो" म्हणत राहिला. तो उद्या काही उजाडला नाही. मला याचं फार वाईट वाटे.

आता त्या दिवसाचं सांगतो. तो आठवला की अजून माझे धागे ताठ होतात.

दिवस चांगला वर आला होता. एक बाई हॉटेलाच्या दारात आली, आत पाहिलं, मागं वळली आणि पुन्हा आली. तिचं नाव कडूबाई. चकलांब्याची. नवरा वर्षापूर्वी वारलेला, आणि त्याच्या वाट्याच्या जमिनीत थोरल्या दिरानं, सटवानं, नांगर घातलेला. तिनं मुन्सिफाच्या कोर्टात दावा लावला होता. मागच्या पेशीला ती उपाशीपोटी जबानीला उभी राहिली आणि चक्कर येऊन पडली. जबानी राहिली. या वेळची पेशी काल होती, ती आजवर ढकलली, आणि घरून आणलेली भाकर कालच सकाळी संपली. वकिलानं सांगितलं होतं, आज पडलात तर मी काही करू शकणार नाही.

"दादा, आडोसा हाय का वो? कुनी बगाय नगं," ती बंकटला हळूच म्हणाली.

"हाय की. त्या पडद्यामागं बस, ताई. काय दिसायचं न्हाई."

तिनं पुरी-भाजी घेतली. पहिला घास घेतला आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. दुसरा घास तिनं घाईनं घेतला. दिराच्या कानावर गेलं असतं तर त्यानं तिला जातीतून वाळीत टाकायला लावलं असतं. मग जमीन मिळूनही काय उपयोग? गावात तिच्या रानात कुणी पाऊल टाकलं नसतं, तिला पाण्याच्या घागरीला कुणी हात लावू दिला नसता. हे सगळं ती जाणून होती आणि तरी खात होती. मी जमेल तेवढा पसरून उभा राहिलो.

तेवढ्यात दारातून एक पांढरा रुमाल आत आला. डोईवर रुमाल, हातात काठी, पाऊल मांजराचं. धोंडीराम आबा! चकलांब्याचे जातपंच. कुणाला वाळीत टाकायचं हे ठरवणारे ते हेच. सटवाच्या बाजूनं साक्ष द्यायला आले होते, आणि देवळात जातो म्हणून त्याला कचेरीच्या ओसरीवर बसवून आले होते.

"बंकट, कांदाभजी दे. गरम. अन् पडद्याआड दे बे, गावची मान्सं हायेत."

"आबा, आत..."

बंकटचं बोलणं पुरं झालंच नाही. बाहेरून सटवाचा आवाज आला, "ए बंकट!" आबांनी भज्यांची बशी उचलली आणि सरळ माझ्यामागं घुसले.

मित्रांनो, हातभर जागेत ते दोघं समोरासमोर आले. कडूबाईनं पदर पुढं ओढला. आबांच्या तोंडात भजं होतं. ते चावता येईना आणि थुंकताही येईना.

"तू? हाटेलात?" ते कुजबुजले.

"आबा, काल सकाळधरनं पोटात काय न्हाई."

"गप. तुज्यासंगं मला हितं बगितलं तर माजी बी इज्जत गेली."

बाहेर सटवा बंकटला विचारत होता, "आमची भावजय आलती का हितं?"

"बाईमानूस कावून यील हितं?"

"म्या सोता बगितलं तिला हिकडं वळताना. आज घास हातात धरलेली घावू दे. आबा बीडातच हायेत. त्यास्नी बोलावतो अन् दावतो. गावात पाय ठिऊ द्यायचा न्हाई." आणि त्यानं माझ्या काठाला हात घातला.

माझ्या आता दोनच कड्या उरल्या होत्या. मी त्यांना घट्ट धरून राहिलो. बंकट धावत आला आणि त्यानं सटवाचं मनगट पकडलं. "आत बुरख्यातल्या बाया हायेत! हात लावलास तर कोतवालीत जाशील अन् मला बी नेशील."

सटवानं हात काढला. पण तो गेला नाही. समोरच्या बाकावर बसला. "बरं. बाया निगतील तवा बगतो. हितंच बसतो."

आबांच्या कपाळावरचा घाम नाकावरून बशीत पडत होता. मला वाटलं, आता हे असंच संध्याकाळपर्यंत चालणार. तेवढ्यात कचेरीच्या दारातून चपराश्याची आरोळी आली.

"कडूबाई, साकिन चकलांबा, हाजिर हो!"

चपराशी तीनदा पुकारा करतो. तिसऱ्या पुकाऱ्यालाही माणूस आलं नाही की दावा खारीज. कडूबाई उठली. आबांनी काठी आडवी धरली.

"बस खाली. तू भाईर पडली की त्यो आत बगंल."

"आबा, माजी जिमीन जाती."

"जाऊ दे. इज्जतीपरीस जिमीन मोठी हाय का?"

"कुनाच्या इज्जतीपरीस, आबा?"

आबांनी काठी हलवली नाही. मला त्यांचा असा राग आला की काय सांगू! आजवर मी त्यांच्यासारख्या कितीतरी जणांचं झाकलं होतं, आणि आज त्याच झाकण्यापायी एका बाईचं रान जात होतं.

"कडूबाई, साकिन चकलांबा, हाजिर हो!"

दुसरा पुकारा. कडूबाईनं उरलेली पुरी तोंडात कोंबली, दोन्ही हातांनी काठी बाजूला सारली आणि मला सरकवून बाहेर आली.

"घावली!" सटवा ओरडला. "हाटेलात खाती! समदे बगा! हिचं ताट दावतो तुमाला!" आणि त्यानं मला कचकन खाली ओढलं.

मी धरून ठेवायचा प्रयत्न केला का? खरं सांगू, नाही केला. कड्या सुटल्या की मीच त्या सोडल्या, हे मला आजही कळत नाही. मी धाडकन जमिनीवर आलो.

मागं धोंडीराम आबा बसले होते. मांडीवर भज्यांची बशी, गाल फुगलेला, मिशीला तेल.

गिऱ्हाईकं बाकावरून उठून बघू लागली. कढईतलं तेल चुरचुरत होतं.

"आबा," सटवा कसाबसा म्हणाला, "तुमी देवळात गेलतात ना?"

"कडूबाई, साकिन चकलांबा..."

"हाय! कडूबाई हाजर हाय!" असं ओरडत ती रस्ता ओलांडून पळाली. तिच्या बोटांना भाजी तशीच होती.

त्या दिवशी ती पडली नाही. उभी राहून तिनं पुरी जबानी दिली. आबांनी पोट दुखतंय असं सांगून साक्ष टाळली आणि ते गावाला निघून गेले. पुढं गावात तिच्यासाठी पंचायत बसली नाही. बसवणार कोण? काही महिन्यांनी निकाल लागला आणि जमीन कडूबाईच्या नावावर झाली.

बंकटनं मला परत टांगलं नाही. मी आता कोपऱ्यात घडी होऊन पडलो आहे. आमच्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी म्हणतात, आम्हाला जपा. मी तसं म्हणणार नाही. मित्रांनो, मला शिवू नका आणि कुणाच्या ताटापुढं पुन्हा बांधू नका. भुकेलं माणूस जेवायला बसलं तर त्याच्या घासाकडं वाकडी नजर करू नका, एवढंच मागणं आहे.

निकालाचा कागद घ्यायला कडूबाई बीडला आली होती. तेव्हा ती बंकटच्या हॉटेलापुढच्या, रस्त्याकडेच्या बाकावर, उघड्यावर बसली. येणारेजाणारे बघत होते. तिनं पुरी-भाजी खाल्ली, बोटं चाटली, आणि आणखी एक पुरी मागितली. मोठ्यानं.