पळवाटेवरची खुर्ची

शाळेच्या आवारातलं वाळकं झाड आज सून पाडणार होती आणि सासरे नुसते बघणार होते. चाळीस वर्षं झाडं पाडलेल्या माणसाला हे नुसतं बघणं जिवावर आलं होतं.

"झाड नीट पडलं तर हे झाडं कापायचं मशीन तुझं," ते सकाळीच म्हणाले होते. "नाहीतर पुतण्याला देतो. त्याच्या दंडात जोर आहे."

जोर होताच. डोकं मात्र पुतण्या बरेचदा घरी ठेवून येई. सुनेला ते मशीन मनापासून हवं होतं. तीन वर्षं तिने फांद्या ओढल्या, चेनला धार लावली, पण चेन घट्ट करायचा पाना काही तिला मिळाला नाही. तो कायम सासऱ्यांच्या सदऱ्याच्या खिशात. त्या पान्याने आजवर तीन खिसे फाडले होते.

एका बाजूला पाण्याची टाकी, दुसरीकडे वर्गाची भिंत. मधल्या मोकळ्या पट्ट्यात तिने खुंटी ठोकली. शेंडा तिथे यायला हवा. मग झाड पडू लागलं की मागे सरायला तिने झाडाच्या मागे दोन तिरक्या पळवाटा साफ केल्या आणि ती रिकाम्या हाताने दोन्हींवरून चालून आली. पुतण्याला आणि सासऱ्यांना झाडाच्या दुप्पट उंचीइतकं लांब, फाटकाशी बसवलं.

हेल्मेट चढवून, कान झाकून तिने मशीन सुरू केलं. पडायच्या बाजूची खाच झकास झाली. आता मागून काप घ्यायचा, मधलं लाकूड बिजागरीसारखं राखून. पण त्याआधी मागे वळून बघायचं, हा सासऱ्यांचाच नियम. ती वळली, तर उजव्या पळवाटेच्या टोकाला खुर्ची मांडून खुद्द सासरेच बसलेले.

तिने मशीन बंद केलं.

"बाबा, खुर्ची उचला."

"मला शिकवतेस? तू कापायचं बघ."

"तुम्ही उठल्याशिवाय नाही कापणार."

"वहिनी, मी कापू का?" फाटकाशी पुतण्याला लगेच हुरूप आला.

मशीन हातचं जातंय, हे तिला स्पष्ट दिसत होतं. तरी ती सरळ खाली बसली आणि तिने हेल्मेट काढून मांडीवर घेतलं. "तूही कापायचं नाहीस. बाबा वाटेत आहेत."

सासऱ्यांनी पायांखाली पाहिलं, मग झाडाकडे. हळूहळू त्यांचा चेहरा ओशाळला.

"अगं, मशीनचा आवाज आला की माझे पाय इथेच येतात," ते म्हणाले. "चाळीस वर्षं इथेच तर पळत आलोय."

खुर्ची काखेत मारून ते निमूटपणे फाटकाशी गेले. तिने पुन्हा मागे वळून पाहिलं आणि मगच काप घेतला. लाकूड करकरलं, ती मशीन थांबवून पळवाटेने मागे सरली आणि झाड पट्ट्यात आडवं झालं. टाकी शाबूत, भिंत शाबूत. शेंडा मात्र खुंटीपासून हातभर बाजूला.

"हुकलं," ती हिरमुसून म्हणाली.

सासऱ्यांनी खुंटीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मशीनवर वाकून त्यांनी चेन बोटाने उचलून बघितली. "सैल झालीय. घट्ट कर." आणि खिशातून पाना काढून दिला.

तिने चेन घट्ट केली, पाना पुसला आणि परत द्यायला हात पुढे केला. सासरे तेव्हा खिशाचं बटण लावत होते.

"ठेव तुझ्याकडे," ते म्हणाले. "आता माझा हाही खिसा फाटायला नको."