अंडं काढलेलं घरटं

"मावशी, किती जिवंत आहेत?" खालून मॅडमनी विचारलं.

शिडीच्या टोकावर उभ्या असलेल्या मावशीने घरट्यात हात घालून पाहिलं आणि तोंडात आलेली शिवी गिळली. चारही पिल्लं मेली होती. चोची मारमारून त्यांच्या कवट्या फोडल्या होत्या. खाल्लं मात्र काहीच नव्हतं. भुकेपोटी कुणी हे केलं असतं तर मावशीला एवढा राग आला नसता.

"एकही नाही. ठिपकी येऊन गेली."

ठिपकी म्हणजे कोकिळेच्या जातकुळीतली एक पक्षीण. स्वतः घरटं बांधायचं नाही, अंडं शेपट्यांच्या घरात टाकायचं आणि मोकळं व्हायचं. शेपटे म्हणजे लांब शेपटीचे काळे-पांढरे पक्षी, मरमर राबणारे संसारी जीव. पक्षी-अभ्यास केंद्रात मावशीचं काम ठरलेलं होतं. अर्ध्या घरट्यांतून ठिपकीचं अंडं काढायचं, बाकीच्यांत राहू द्यायचं आणि पुढे काय होतं ते बघायचं. मध्ये पडायचं नाही, असा मॅडमचा नियम होता.

"अंडं काढलं आपण आणि शिक्षा यांना," खाली उतरून मावशी फणकारली.

"तिला वाटतं, यांनीच फेकलं. पाळत ठेवून असते ती," मॅडम म्हणाल्या. "पिढ्यान्‌पिढ्या चाललंय हे. शेपटे परकं अंडं ओळखायला लागले, तसं ठिपकीचं अंडं त्यांच्यासारखं होत गेलं. तरीही ओळखून फेकलं, तर ती घरच उद्ध्वस्त करते. पलीकडच्या घरट्यात तिचं अंडं राहू दिलं होतं ना आपण? तिथे तिच्या पिल्लाबरोबर यांचंही एक जगलंय."

"म्हणजे सोसलं की एखादं वाचतं."

"हिशोब तसाच आहे."

"आणि सगळ्यांनीच सोसलं तर?"

"मग ठिपक्या वाढत जाणार. शेवटी त्या एकालाही जागा उरणार नाही."

मावशीने शिडी उचलून खांद्यावर घेतली. सोसण्याचा हिशोब तिला पाठ होता. नवरा होता तोवर तिने तोच मांडला, आणि मुलीलाही तोच सांगून दोनदा जावयाकडे परत पाठवलं. तिसऱ्या वेळी मुलगी आली ती कानाचा पडदा फाटून. मागोमाग जावई आला, खिडक्या फोडून गेला आणि बजावून गेला की शनिवारी संध्याकाळी न्यायला येतो, तयार नसेल तर घर शिल्लक राहणार नाही. आज शनिवार होता. सकाळी निघताना मावशीच मुलीला म्हणाली होती, "जा बाई. जीव तरी राहील."

ती घरी पोचली तेव्हा मुलगी चपला घालून बसली होती.

"आई, नखांत रक्त कसलं?"

"पिल्लांचं. चपला काढ. तू जायचं नाहीस."

"अगं, सगळं फोडेल तो!"

"फोडू दे."

"सकाळी तर तू..."

"सकाळी माझी अक्कल गहाण पडली होती."

जावई लोखंडी गज घेऊन आला. तिसऱ्या घावाला बिजागरी निखळली आणि दार आत पडलं.

"सासूबाई, बाजूला व्हा. तुमच्याशी भांडण नाही माझं."

"ती येणार नाही."

त्याने टीव्हीत गज घातला आणि मावशीकडे वळून पाहिलं. ती हात जोडेल याची तो वाट बघत होता. मावशीला ते बरोबर कळलं, कारण नवऱ्यासमोर ती दर वेळी याच क्षणाला हात जोडायची.

"फ्रिज राहिला," ती म्हणाली.

फ्रिजचं दार फाटलं.

"ते शिलाई मशीन. माझ्या आईने दिलेलं आहे."

मशीनचं चाक उडून भिंतीवर आदळलं तेव्हा तिचा जीव तीळतीळ तुटला, पण आवाज तसाच राहिला. "आता कपाट. जोरात ओढ, दार अडकतं त्याचं."

त्याने कपाट सोडलं आणि गज तिच्या तोंडावर मारला. ती पडली. भिंत धरून उठली. तोंडातून रक्त आणि दोन दात पडले.

"मी राहिले अजून," ती म्हणाली.

त्याने पुन्हा हात उचलला. त्याच हाताच्या कोपरावर मुलीने मागून भरलेला कुकर हाणला. हाड मोडल्याचं ऐकू आलं. गज खाली पडला, तो मुलीने उचलला आणि त्याच्या डोक्याच्या रोखाने धरला. गज तिने खाली घेतला नाही. हात पोटाशी धरून तो मागे सरकत जिन्यापर्यंत गेला.

"उद्या येतो," तो ओरडला.

मुलीने पोलिसांना फोन लावला. पत्ता सांगताना तिला रडू फुटलं, तरी तिने तो पूर्ण सांगितला.

"आई, खरंच येईल गं तो."

"येईल."

"मग?"

मावशीला बोलताना त्रास होत होता. तिने हाताने नुसतं फुटलेल्या काचांकडे दाखवलं. मुलगी काचा भरायला लागली. दार आत आडवं पडलेलं होतं. मावशी उंबऱ्यात बसली, चौकटीच्या एका बाजूला पाठ लावली, दुसऱ्या बाजूला तळपाय घट्ट रोवले आणि जिन्याकडे बघत राहिली.