मागचा आवाज

मी किल्लीच्या दुकानातला फोन बोलतोय. घाबरू नका, तुमच्या घराला काही झालेलं नाही. आयुष्यभर मी दुसऱ्यांचे निरोप पोचवले, आज पहिल्यांदाच स्वतःहून फोन केलाय. कालपासून माझा आनंद पोटात मावत नाहीये. सांगताना घाई झाली तर सांभाळून घ्या.

माझा जन्म कारखान्यातला. एका लांबलचक टेबलावर माझ्या पोटात घंटा बसवली, अंगावर बटणं बसवली, आणि तपासणाऱ्या बाईंनी मला वाजवून पाहिलं. "हा जरा जास्तच ओरडतो," त्या म्हणाल्या. त्याच दोषामुळे माझं नशीब उघडलं. एका कुलूपवाल्याला ओरडणाराच फोन हवा होता. त्याच्या दुकानामागच्या खोलीत किल्ल्या कापायचं यंत्र दिवसभर किंचाळायचं, त्याच्यापुढे दुसऱ्या कुणाचा निभाव लागला नसता. तेव्हा मी दुधासारखा पांढरा होतो. आता माझ्यावर कुणीतरी चहा सांडलाय असं वाटतं. असो, वय कुणाला चुकलंय?

कुलूपवाला मागच्या खोलीत आणि त्याची बायको पुढे, माझ्या शेजारी. तिला सगळे आई म्हणतात, मीही म्हणतो. गिऱ्हाइकं मात्र काकू म्हणतात. आईनं पहिल्या आठवड्यातच ओळखलं, की बंद दारापुढे उभ्या असलेल्या माणसाला "पाठवते हं कुणाला तरी" एवढ्यावर धीर निघत नाही. म्हणून ती माझा रिसीव्हर मागच्या खोलीकडे धरायची आणि विचारायची, "ऐकलंत का?" यंत्र थांबायचं, हत्यारांची पिशवी खणखणायची आणि आतून दणकून आवाज यायचा, "निघालो!" तो आवाज माझ्यातून थेट गिऱ्हाइकाच्या कानात. तिकडे जीव भांड्यात पडायचा, तो मला इकडे ऐकू यायचा.

काय एकेक नमुने ऐकलेत मी! दार लागलं की माणूस आधी बायकोला दोष देतो, मग वाऱ्याला, आणि शेवटी कुलूप बनवणाऱ्याला. एक गृहस्थ टॉवेलवर जिन्यात उभे होते आणि तरी मला विचारत होते, "काही कमी होईल का?" एक बाई तर किल्ली हातात धरूनच किल्ली हरवल्याचं सांगत होत्या. आई म्हणाली, "जरा मूठ उघडा बघू." मग दोघी अशा हसल्या की माझी वायर हलली.

पुढे कुलूपवाला गेला. त्याची हत्यारं लेकीनं उचलली. हात बापासारखाच सफाईदार, आवाजही तसाच दणदणीत, फक्त "निघालो"चं "निघाले" झालं. त्याच काळात आईची नजर मंदावत गेली. आता तिला उजेड आणि सावली एवढंच कळतं. पण माझ्या पाचाच्या बटणावर एक बारीक उंचवटा आहे. त्यावर बोट टेकलं की बाकीची बटणं तिची तिला सापडतात. त्या बोटाचा मला फार अभिमान आहे.

आता माझे दोषही सांगतो. मी एका वेळी एकाशीच बोलणार. दुसऱ्यानं फोन केला की त्याला नुसती टूं टूं. पावसाळ्यात माझ्या घशात खरखर. रस्ता खणला की तार तुटणार आणि मी मुका. गिऱ्हाइकं लेकीला बाजारात गाठून म्हणायची, "तुमचा फोन लागेल तर शपथ!" धंदा दुसरीकडे जाऊ लागला.

एके दिवशी लेक म्हणाली, "आई, आपण इंटरनेटवरचा फोन घेऊया. एका वेळी कितीही फोन येऊ देत. मी बाहेर असले तर माझ्या मोबाईलवर वाजेल. तूही आता आराम कर."

"म्हणजे मला कामावरून काढतेस?"

"अगं, तसं नाही गं! दिवसभर त्या खुर्चीला चिकटून बसतेस, म्हणून म्हटलं."

"त्या खुर्चीत मी कामाची आहे. घरातल्या खुर्चीत मी नुसती म्हातारी आहे."

मी गेलो असतो तर भंगारात गेलो असतो, पण आई कुठे गेली असती?

शेवटी असं ठरलं, की महिनाभर दोन्ही फोन ठेवायचे. नवा फोन आईनं वापरायचा, जमला तर तो कायम आणि मला सुट्टी. कंपनीचा माणूस आला. तरुण, हसरा आणि भयंकर बोलका. भिंतीवर त्यानं इंटरनेटची एक डबी बसवली आणि तिला जोडून माझ्या शेजारी एक चपटा, काळा, चकचकीत फोन ठेवला. "काकू, याचा आवाज ऐकाल तर वेड लागेल! मागचा सगळा गोंगाट हा स्वतःच कापून टाकतो." मी नाक मुरडलं, पण खरं सांगतो, आवाज होताच तसा. खरखर नाही, काही नाही. मी चोरून ऐकत राहिलो.

नवा नंबर छापलेले स्टिकर आसपासच्या इमारतींच्या फाटकांवर लागले. आईनंही हिंमत सोडली नाही. फोन कुठे दाबून घ्यायचा ते तिनं दोन दिवसांत शिकून घेतलं. नवा फोनही ती सवयीनं मागच्या खोलीकडे धरायची, "ऐकलंस का?" आणि लेक ओरडायची, "निघाले!"

आणि मग विचित्रच प्रकार सुरू झाला. लेक जिथे जाई तिथे दार आधीच उघडलेलं! "आम्ही दुसऱ्याला बोलावलं. तुमच्याकडून कुणी येतंय असं वाटलंच नाही." असं एकदा नाही, वारंवार. एक दिवस लेक वैतागून परतली.

"आई, तू लोकांना नीट सांगतेस ना?"

"नेहमीसारखंच सांगते गं."

"मग लोक थांबत का नाहीत?"

आईनं हात मांडीवर ठेवले. "मीच कुठेतरी चुकत असेन. महिना संपला की तूच बघ फोनचं." हे ऐकून मला इतकं वाईट वाटलं म्हणून सांगू! मला काहीतरी उमगत होतं, पण वाजवल्याशिवाय फोन बोलणार कसा?

त्यानंतर आली ती परवाची दुपार. नवा फोन वाजला. एका बाईंना धाप लागली होती. त्या मोबाईल कानाला लावून कचरा टाकायला बाहेर आल्या, वाऱ्यानं दार लागलं, आत छोटी मुलगी एकटी आणि गॅसवर दूध! आईनं पत्ता घेतला, फोन मागे धरला, "ऐकलंस का?" लेक ओरडली, "निघाले!" आणि बाई म्हणाल्या, "हॅलो? हॅलो? कुणी आहे की नाही?" आई बोलायच्या आत फोन बंद.

आणि मी खणखणलो! माझा जुना नंबर त्या बाईंच्या पत्रपेटीवर कधीचा चिकटलेला होता. आईनं रिसीव्हर उचलला.

"अहो, त्या दुसऱ्या दुकानात कुणी येतोच म्हणत नाही! तुम्ही तरी येता का?"

"मघाशीही मीच होते बाई. माझी लेक 'निघाले' म्हणाली की!"

"नाही हो! मागच्या वेळी स्पष्ट ऐकू आलं होतं. आज तुम्ही विचारलंत आणि पुढे सगळं चिडीचूप."

आईच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. नवा फोन मागचा आवाज कापतो. लेकीचा आवाज मागचाच! मी आनंदानं ओरडणारच होतो, पण लेक एव्हाना पिशवी घेऊन बाहेर पडली होती. आई उठली. माझी गुंडाळीची वायर ताणत, चाचपडत दारापर्यंत गेली आणि रिसीव्हर रस्त्याकडे धरून ओरडली, "ऐकलंस का?"

स्कूटर सुरू झाली. त्या धडधडीवर मात करून लेकीचा आवाज आला, "निघाले गं, निघाले!"

बाई रडू लागल्या. आई म्हणाली, "रडायचं नंतर. छोटीला दाराजवळ बोलवा. तुमचा आवाज तिला ऐकू येऊ दे, स्वयंपाकघराकडे जाऊ देऊ नका." बाईंनी दारातून गाणं सुरू केलं, बेसूर आणि भेदरलेलं. आत ती चिमुरडी टाळ्या वाजवू लागली, त्या टाळ्याही मी ऐकल्या. तेवढ्यात शेजारी नवा फोन वाजू लागला. आई माझ्यावर अडकलेली, तरी तो कॉल वाया गेला नाही. तो लेकीच्या मोबाईलवर गेला आणि स्कूटर थांबल्यावर जिना चढता चढता तिनं त्या माणसाला "तासाभरात येते" असं सांगूनही टाकलं. मी त्या काळ्या चपट्याला मनातल्या मनात हात जोडले. हे माझ्याच्यानं जन्मात झालं नसतं.

मग कुलूप उघडल्याचा कटकन आवाज. दूध उतू जाऊन गॅस विझला होता, घरात वास पसरू लागला होता. लेकीनं गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या. आणि आईच्या कानात एका लहान मुलीचं खळखळून हसू.

लेक परतली ती थेट आईच्या पायाशी जमिनीवर बसली. "आई, मी उगाच तुला बोलले."

"तू कशाला? तुझा आवाजच पोचत नव्हता," आई म्हणाली आणि दोघी हसत सुटल्या.

काल कंपनीचा माणूस पुन्हा आला. लेकीनं सरळ सांगितलं, "मागचा आवाज कापणं बंद करा. आमचा धंदा मागच्या आवाजावर चालतो." त्यानं डोकं खाजवलं, पण केलं. आईनं विचारलं, "वीज गेली की?" तो प्रामाणिक निघाला, "मग हाही गप्प." म्हणून त्या डबीला बॅटरी लावून घेतली.

मग नवा फोन कायम ठरला आणि त्यानं भिंतीतून माझी तार उपटली. संपलं, मला वाटलं. आत सगळं थंड. तोच तो म्हणाला, "काकू, हा जुना फोन या नव्या डबीला जोडता येतो. बटणं तीच, घंटा तीच. जोडू?" दुसऱ्याच क्षणी माझ्या अंगातून झिणझिण्या गेल्या आणि मी असा वाजलो, असा वाजलो, की तो दचकून मागे सरला!

शेवटी त्यानं लेकीला विचारलं, "फोन आला की आधी कुणाकडे वाजू दे? तुमच्या मोबाईलवर?"

"आधी आईकडे," लेक म्हणाली. "ती बोलत असेल तरच माझ्याकडे. मालकीणबाई त्या आहेत, मी बाहेरची कामं बघते."

आईनं खुर्ची पुढे ओढली, पदर खोचला आणि पाचाच्या बटणावर बोट ठेवून बसली.

तुमच्याही घरी हा वाद चालू असेल: तारेचा ठेवावा की इंटरनेटचा घ्यावा. खुशाल नवा घ्या, मी त्याची बाजू घेतो. फक्त फोन कोण उचलतं ते आधी बघा आणि त्या माणसाला विचारल्याशिवाय काही उपटू नका. अरे, थांबा, वाजलो मी! कुणीतरी दाराबाहेर उभं आहे. ठेवतो.