पहिली नको, दुसरी हवी

धाकट्याने आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त केल्या. दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेल्या माणसांशी तो दाराच्या फटीतून इतकं शांत बोलायचा, की आतली माणसं रडायचं विसरून त्याच्या घरची चौकशी करायला लागायची. असा हा थंड डोक्याचा माणूस. पण ताईने सुनावणीचं पत्र त्याच्यापुढे ठेवलं, तेव्हा त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"मंगळवारी अकरा वाजता," ताई म्हणाली. "तू यायचंस. इस्त्रीचा शर्ट घालून."

"मी कशाला? तुमची ती वकीलबाई आहे की."

"वकीलबाई बोलायला आहे. तू नातेवाईक आहेस. नातेवाईक सोबत नसला, तर त्या इस्पितळात आम्हा पेशंटना किती वाजले तेसुद्धा कोणी सांगत नाही."

हे ताईने हसत म्हटलं, पण त्यात अतिशयोक्ती फारशी नव्हती.

ताईचा धंदा मुद्रितशोधनाचा. एकाच छापखान्यात तिने बत्तीस वर्षं प्रुफं तपासली. ऱ्हस्व-दीर्घावरून ती खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्यांपासून मालकापर्यंत सगळ्यांचं डोकं खायची, म्हणून तिथे तिचं नावच 'वेलांटी' पडलं होतं. बावीस वर्षांपूर्वी ती आजारी पडली. उगाच कशाला खोटं बोला, चांगलीच आजारी पडली. अकरा दिवस डोळ्याला डोळा नाही, पोटात धड अन्न नाही, आणि हातात लाल पेन घेऊन बाई इमारतभर शेजाऱ्यांच्या दारावरच्या पाट्या सुधारत हिंडायची. तिसऱ्या मजल्यावरच्या एका गृहस्थांचं तर तिने आडनावच बदलून टाकलं. तेव्हा बोंबाबोंब झाली आणि धाकट्याने तिला मनोरुग्णालयात नेलं. तीन महिन्यांनी ती घरी आली, चौथ्या महिन्यात कामावर गेली. हे प्रकरण तिथेच मिटायला हवं होतं.

मिटलं नाही, कारण फाईल मागे राहिली. तिच्या पहिल्याच पानावर शेरा होता: 'रुग्णास पहिली व दुसरी अशा दोन स्त्रिया दिसतात. "पहिली नको, दुसरी हवी" असे सतत पुटपुटते. आजाराचे भान नाही. निर्णय नातेवाइकांनी घ्यावेत.' पुढे डॉक्टर बदलले, इमारतीला दोनदा रंग लागला, पण हा शेरा एका कागदावरून दुसऱ्या कागदावर इमानेइतबारे उतरत राहिला. त्यामुळे तिथे ताईची सही चालत नसे. औषध वाढवायचं असो, कमी करायचं असो, सही धाकट्याची. दोन वर्षांपूर्वी असंच एक औषध बदललं. ताई सांगत होती, की हे मला पूर्वी सोसलेलं नाही. तिला उत्तर मिळालं, "भावाला पाठवा." भाऊ आला, त्याने उभ्या उभ्या सही ठोकली आणि कामावर पळाला. पंधरा दिवसांत ताईचा हात इतका थरथरायला लागला, की प्रुफावरची खूण ओळीवर पडेना. पाच महिने ती हात मांडीखाली दाबून घरात बसून होती.

मग तिने कंबर कसली. वाचनालयाच्या वरच्या खोलीत दर शनिवारी चार वाजता सात जण जमायला लागले. सगळे त्याच वॉर्डांतून जाऊन आलेले. वकीलबाईने कायद्याचं कॉलेज बाहेरूनसुद्धा पाहिलं नव्हतं. वॉर्डात ती उशीच्या अभ्र्यावरूनही वाद घालायची, म्हणून ती पदवी. मागणी साधी होती: आपली फाईल आपल्याला वाचायला मिळावी, तिच्यात आपलं म्हणणं जोडता यावं आणि आपल्या औषधांवर आपली सही चालावी. चार अर्ज जसे गेले तसे परत आले. पाचव्यावर सुनावणी लागली, आणि त्यात पहिलं प्रकरण ताईचं. तिचं जमलं तर मागच्या सहा जणांना वाट मोकळी होणार होती. तिचं फिसकटलं तर सगळ्यांचीच पंचाईत.

सुनावणीआधी ताईला फाईल वाचायला मिळाली. शेरा वाचून ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली आणि मग दोन दिवस घराबाहेर पडली नाही. तिसऱ्या दिवशी धाकट्याकडे आली.

"अरे, बायका कसल्या! वेलांट्या रे! वॉर्डाच्या दारावर बोर्ड होता, 'भेटिची वेळ'. 'टि' पहिली. माझ्या खाटेवरून सारखा तोच दिसायचा. मी म्हणत होते, पहिली नको, दुसरी हवी. आणि यांनी मला दोन बायका चिकटवल्या."

"हो का?" धाकटा म्हणाला. आणि उगाचच हत्यारांची पेटी आवरायला लागला.

कारण त्याला माहीत होतं. आजचं नव्हे, पहिल्या दिवसापासून माहीत होतं. त्या वेळी डॉक्टर व्हरांड्यात येऊन त्याला म्हणाले होते, "ही पहिली आणि दुसरी कोण हो? घरातल्या कोणी आहेत का?" आणि धाकट्याला सगळं लख्ख कळलं होतं. तरी तो म्हणाला होता, "माहीत नाही." पुढच्या आठवड्यात सांगू, असं त्याने ठरवलं. मग ताई घरी आली, की मग सांगू. मग कशाला जुनं उकरून काढायचं. असं करता करता त्या दोन शब्दांना बावीस वर्षं झाली. अधूनमधून लिफ्टच्या खड्ड्यात उतरून तेल देताना त्याला ते आठवायचे आणि पाना हातातून निसटायचा.

मंगळवारी इस्पितळाच्या पहिल्या मजल्यावरच्या खोलीत लांब टेबलामागे सुनावणी समितीची तिघं बसली होती. मधोमध अध्यक्षबाई, निवृत्त न्यायाधीश. त्यांच्या एका हाताला समितीतले डॉक्टर, दुसऱ्या हाताला कागद सांभाळणारे कारकून. वकीलबाईने सुरुवात केली आणि अध्यक्षबाईंनी तिला तीनदा पाणी प्यायला लावून थोडक्यात आवरायला सांगितलं. मग ताई बोलली. वेलांट्यांचं सगळं तिने नीट, न चिडता सांगितलं.

"म्हणजे तुम्ही नेमकं कसं वाचता?" अध्यक्षबाईंनी विचारलं आणि समोरचं सुनावणीचं पत्र पुढे सरकवलं. "दाखवा बरं."

ताईने चष्मा लावला. "'अर्जदार यांनी नातेवाइकांसह ठरलेल्या वेळी उपस्थित राहावे, पूर्णविराम.' यात 'उपस्थित'ला दुसरी दिलीय. ती नको, पहिली हवी."

अध्यक्षबाईंना हसू आवरेना. पत्र टाइप केलेल्या कारकुनांनी फायलीत मान घातली. वकीलबाईने धाकट्याला कोपराने ढोसलं, आपण जिंकलोच म्हणून.

समितीतले डॉक्टर मात्र हसले नाहीत. माणूस वाईट नव्हता, कागदाला धरून चालणारा होता. "बाई, तुमचं म्हणणं पटण्यासारखं आहे," ते म्हणाले. "पण हे स्पष्टीकरण आता सुचलेलं नाही कशावरून? शेऱ्याखाली अजून एक ओळ आहे. 'भावास विचारले. पहिली व दुसरी कोण, याची माहिती नाही असे सांगितले.' तुमच्या घरात रोज प्रुफं यायची, भाऊ त्याच घरात राहायचा. मग त्यालाही कळलं नाही?"

ही ओळ तिने वाचली होती, पण तिच्यावर कधी बोट ठेवलं नव्हतं. "तो घाबरला असेल," ती म्हणाली. "गोंधळला असेल. त्याला सुचलं नसेल बिचाऱ्याला."

त्या 'बिचाऱ्या'ने धाकट्याला खुर्चीवरून उठवलं.

"सुचलं होतं," तो म्हणाला. त्याचा आवाज लिफ्टच्या फटीतून यावा तसा सावकाश येत होता. "लहानपणी मूळ प्रत मी मोठ्याने वाचायचो आणि ताई प्रूफ बघायची. पहिली, दुसरी हे माझ्या कानांवर आईच्या हाकांपेक्षा जास्त पडलंय. डॉक्टरांनी विचारलं आणि मला लगेच कळलं. तरी माहीत नाही म्हणालो."

"का?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"माझी मुलगी तीन महिन्यांची होती. अकरा दिवस ताई झोपली नव्हती, म्हणजे घरात कोणीच झोपलं नव्हतं. वाटलं, खरं सांगितलं तर म्हणतील, एवढं काही नाही, घरी न्या. आणि मला तिला घरी न्यायचं नव्हतं."

ताई खुर्चीतच वळून धाकट्याकडे तोंड करून बसली.

"बावीस वर्षं?"

"हो."

"गाढवा," ती म्हणाली. त्यात माया किती आणि राग किती, हे त्याला कळेना. बहुधा रागच जास्त होता, आणि तो त्याला मान्य होता.

अध्यक्षबाईंनी समितीतल्या डॉक्टरांशी दोन मिनिटं हळू आवाजात चर्चा केली. मग निर्णय सांगितला. जुना शेरा खोडता येणार नव्हता, नोंद ही नोंद असते. पण आजपासून औषधांच्या कागदावर अर्जदारांची स्वतःची सही चालेल, आणि त्यांचं निवेदन फायलीत शेऱ्याच्याही वर, सगळ्यांत पहिलं पान म्हणून लागेल. ताईसमोर कोरा कागद आला.

"सगळं लिही," वकीलबाई कुजबुजली. "भाऊ खोटं बोलला ते ठळक लिही. नातेवाइकाचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, असं धरून बसतात हे लोक. आपल्या बाकीच्यांना उपयोगी पडेल."

"लिही ताई," धाकटाही म्हणाला. "माझं नाव घालून लिही."

त्याला ते खरंच हवं होतं. आपली चूक कुठेतरी शाईने उतरावी, कोणीतरी ती वाचावी, म्हणजे छातीवरचं ओझं उतरेल, असं त्याला वाटत होतं. ताईने दोघांकडेही लक्ष दिलं नाही. ती खाली मान घालून बराच वेळ लिहीत होती. औषध परत बदलल्याला दीड वर्ष होत आलं होतं, तरी हात अजून थोडा कापायचा, म्हणून ती मनगट टेबलाला टेकवून लिहीत होती. लिहून झाल्यावर तिने सही केली. कारकुनांनी सवयीने कागद धाकट्यापुढे सरकवला, "नातेवाइकांची इथे." अध्यक्षबाईंनी तो मधूनच उचलला.

"त्यांची झाली ना? पुरे. वाचा."

कारकुनांनी घसा साफ केला आणि वाचायला सुरुवात केली.

"'पहिली आणि दुसरी या वेलांट्या आहेत. मला बायका दिसत नव्हत्या, बोर्डावरची चूक दिसत होती. मी तेव्हा आजारी होते, हे खरं आहे. आजारी असतानाही ती चूक ही चूकच होती. माझ्या भावाला सगळं माहीत होतं आणि तो माहीत नाही म्हणाला. तो थकला होता. त्याचा जाब मी त्याला घरी विचारीन, तो या फायलीचा विषय नाही. या फायलीत मला एवढंच नोंदवायचं आहे. डॉक्टर पहिली आणि दुसरी कोण हे विचारायला उठून बाहेर व्हरांड्यात गेले, तेव्हा मी तिथेच खाटेवर बसले होते. मला विचारलं असतं, तर मी सांगितलं असतं.'"

कारकून थांबले. समितीतल्या डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. धाकटा अजून उभाच होता. बावीस वर्षं तो आपल्या त्या 'माहीत नाही'पाशी जाऊन परत येत होता, तिथे काय बोलायला हवं होतं याची हजार वाक्यं त्याने मनात जुळवली होती. पण 'मला काय विचारता, आत जाऊन तिलाच विचारा', हे वाक्य त्यांत एकदाही आलं नव्हतं.